भारताच्या लेखी कोणता देश किती महत्त्वाचा, हे मोजायचं कसं?

संयुक्त निवेदनात प्रत्येक देश 'विश्वासू मित्र' असतो, त्यामुळे निवेदनं बाजूला ठेवा. ज्यात वेळ जातो, पैसा जातो किंवा कुणाची तरी नाराजी ओढवते, तेवढंच मोजा. स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत एक देश आणि किमान पाच वर्षांची आकडेवारी घ्या.

आधी दौरे. पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्र्यांचे दौरे परराष्ट्र मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांत मिळतात. प्रत्येकापुढे 'द्विपक्षीय' की 'परिषद' हे नोंदवा. २०१४ मध्ये मोदी नेपाळला दोनदा गेले. ऑगस्टचा दौरा १७ वर्षांनंतरचा द्विपक्षीय होता, नोव्हेंबरचा दक्षिण आशियाई देशांच्या सार्क परिषदेसाठी. दोन्हींना सारखे गुण दिले, तर केवळ यजमानपद आलं म्हणून देश वर चढतो. पंतप्रधानांच्या द्विपक्षीय दौऱ्याला १०, परराष्ट्रमंत्र्यांच्या दौऱ्याला ४ आणि परिषदेला २ गुण देऊन सुरुवात करा. मग हे भार, म्हणजे कशाला किती गुण, बदलून पाहा. पहिल्या दहांचा क्रम कोलमडला, तर तो तुमच्या भारांनीच घडवला होता असं समजा.

खरी मेख पैशात आहे. केंद्रीय अर्थसंकल्पात परराष्ट्र मंत्रालयाच्या खर्चात देशनिहाय मदत दिलेली असते. बातम्या फक्त अर्थसंकल्पीय अंदाज, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीची तरतूद, सांगतात. तुम्ही नंतर दुरुस्त केलेला सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्चही उतरवा. २०२४-२५ मध्ये अफगाणिस्तानसाठीचे २०० कोटी सुधारित अंदाजात ५० कोटींवर आले, तर मालदीवचे ४०० कोटी ४७० वर गेले. दिशा या फरकातच दिसते. प्रत्यक्ष खर्चाचा आकडा दोन वर्षांनी छापून येतो, तेव्हा ताजं वर्ष कच्चंच धरा. भूतान यादीत कायम अव्वल असतो, पण त्याच्या रकमेत जलविद्युत प्रकल्पांची कर्जंही असतात. अनुदान आणि कर्ज वेगळ्या रकान्यांत टाका. सरकारी एक्झिम बँकेमार्फत दिलेल्या लाइन ऑफ क्रेडिटचं (ठरलेल्या मर्यादेपर्यंत टप्प्याटप्प्याने उचलायचं कर्ज) तर विचारूच नका: बांगलादेशला २०१० पासून तीन टप्प्यांत ७ अब्ज डॉलरहून अधिक जाहीर झाले, उचल मात्र फार संथ राहिली. मंजूर नव्हे, वितरित रक्कम मोजा.

संयुक्त राष्ट्रांतलं मतदान सोपं वाटतं, पण फसवं आहे. आमसभेतले बहुतेक ठराव मतदानाविनाच संमत होतात. उरलेल्यांत दोन देशांचं मत जुळलं तर १, एक तटस्थ असेल तर ०.५, विरुद्ध असेल तर ०. तटस्थ आणि गैरहजर यांची गल्लत करू नका. रशियाच्या आक्रमणाविरुद्धच्या २ मार्च २०२२ च्या युक्रेन ठरावावर १४१ बाजूने, ५ विरोधात आणि ३५ तटस्थ होते. त्या ३५ मध्ये भारत होता, आणि ती भूमिका पूर्ण विचारांती घेतलेली होती.

व्यापार या बेरजेत धरू नका. तो बाजूला, संदर्भापुरता ठेवा. नेदरलँड्सला होणाऱ्या भारतीय निर्यातीचा आकडा तिथल्या रॉटरडॅम बंदरामुळे फुगतो, कारण माल तिथून पुढे जातो. चीन व्यापारात अगदी वर असतो, पण २०१८ नंतर भारताचे पंतप्रधान तिथे गेले ते थेट ऑगस्ट २०२५ मध्ये, तेही शांघाय सहकार्य संघटनेच्या परिषदेसाठी.