पोल कॉलेजचे, वही आपली

कॉलेजची बांबूउडीची शेवटची स्पर्धा झाली, खोली आवरायला घेतली, आणि तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. चार वर्षं ज्यांच्यावर उड्या मारल्या त्यातला एकही पोल, म्हणजे उडीची लांब लवचीक काठी, माझा नव्हता. सगळे कॉलेजच्या शेडमध्ये, पुढच्या मुलीची वाट बघत. माझ्याकडे उरली एक दोनशे पानी वही, चॉकच्या पांढऱ्या बोटांनी माखलेली. त्यानंतरचे दोन आंतरराष्ट्रीय हंगाम मी त्या वहीच्या जोरावर काढले. म्हणून बांबूउडीसाठी अमेरिकेतल्या कॉलेजात निघालेली मुलगी भेटली की मी तिला आधी वही घ्यायला सांगते. उडी कशी मारायची ते तिचे कोच सांगतीलच.

वही कागदाचीच हवी. मोठ्या स्पर्धेत मैदानात फोन नेता येत नाही, तो आधीच काढून ठेवावा लागतो. ज्यांचा सगळा हिशेब फोनमध्ये असतो, त्या मैदानात रिकाम्या हाताने बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता त्यात लिहायचं काय? नवीन मुली उंची लिहितात. ‘आज ३.९० गेले.’ बरं, मग? कुठल्या पोलवर गेलीस, ते लिही. अमेरिकेत पोलवर लांबी फुटांत आणि ताकद पौंडांत छापलेली असते. माझा शेवटच्या वर्षीचा मुख्य पोल १४ फूट, १५५ पौंडांचा होता, म्हणजे ४.२७ मीटर आणि साधारण ७० किलो. माझं वजन तेव्हा ५८ किलो. घाबरू नकोस, त्या आकड्याचा अर्थ ‘एवढ्या वजनाच्या माणसासाठी’ असा शब्दशः घ्यायचा नसतो. वेग वाढला, पकड वर गेली, की पोल जास्त वाकतो, मग जास्त कडक पोल लागतो. मात्र सुरुवातीला आपल्या वजनाखालच्या पोलला हात लावू नकोस.

त्या आकड्यांखाली आणखी एक बारीक आकडा असतो, फ्लेक्स. पोल दोन टेकूंवर आडवा ठेवून मधोमध ५० पौंडांचं वजन टांगतात आणि तो किती सेंटिमीटर खाली झुकला ते मोजतात. आकडा लहान, तितका पोल कडक. दोन पोलांवर १५५ छापलेलं असलं तरी फ्लेक्स वेगळा असू शकतो, आणि ‘हा १५५ आज दगडासारखा का वाटतोय’ याचं उत्तर बरेचदा तिथे सापडतं. तुलना करायची ती त्याच लांबीच्या, त्याच कंपनीच्या पोलांमध्येच. मी पहिल्या दीड वर्षात फ्लेक्स कधी टिपलाच नाही. ती पानं आज माझ्या काही कामाची नाहीत.

पोलनंतर पकड. टोकापासून किती सेंटिमीटर खाली वरचा हात होता, ते. शेवटच्या वर्षी माझी पकड टोकापासून १५ सेंटिमीटर खाली असायची, म्हणजे ४.१२ मीटरवर. पोल ज्या बॉक्समध्ये रोवतो तो २० सेंटिमीटर खोल असतो, म्हणून पकडीची जमिनीपासूनची खरी उंची ३.९२. माझी सर्वोत्तम उडी ४.३१. वजाबाकी कर: पकडीच्या वर ३९ सेंटिमीटर. हा आकडा दर महिन्याला काढ. उंची वाढली पण हा आकडा तिथेच राहिला, तर समज की तू फक्त पकड वर नेलीस, हवेत उलटं होणं आणि पोल हाताने ढकलणं सुधारलेलं नाही. हा आकडा वाढला असेल तर मात्र स्वतःला शाबासकी दे, भले त्या महिन्यात स्पर्धेत काही जमलं नसेल.

मग रनअप. माझा १४ पावलांचा रनअप बॉक्सच्या मागच्या कडेपासून साधारण २७.५० मीटरवर सुरू व्हायचा. पण त्याहून जपून लिहायची ती मधली खूण, शेवटची सहा पावलं उरताना पाय कुठे पडला ती. माझी १४ मीटरच्या जरा अलीकडे. तिथे कोचनी किंवा मैत्रिणीने उभं राहून बघायला हवं, कारण धावताना आपल्याला ती दिसत नाही आणि दिसली तर उडी गेलीच म्हणून समज. मधल्या खुणेवर पाय बरोबर, पण टेक-ऑफ, म्हणजे उडी घेणारा पाय, वरच्या हाताच्या पुढे, बॉक्सकडे सरकलेला, असं होत असेल तर शेवटच्या सहा पावलांत तू लांब टांगा टाकते आहेस. सुरुवातीची खूण मागे-पुढे करून हा रोग बरा होत नाही. मी एक अख्खा इनडोअर हंगाम ती खूण सरकवण्यात घालवला.

शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा: गादीवर कुठे पडलीस आणि बार, म्हणजे वरची आडवी दांडी, कसा लागला. मी गादीचा छोटासा चौकोन काढून त्यात फुली मारायचे. फुली मधोमध असेल तर पोल बरोबर. फुली पुढच्या कडेशी, बॉक्सच्या जवळ असेल तर पोल सरळ उभाच राहिला नाही, म्हणजे तो फार कडक आहे किंवा पकड फार वर आहे. पकड खाली घे, नाहीतर हलका, म्हणजे कमी पौंडांचा पोल उचल. यात अभिमान आड आणू नकोस, बॉक्सशेजारी पडणं हा या खेळातला सगळ्यात वाईट अपघात आहे. फुली मागच्या कडेला गेली तर पोल मऊ पडतोय, त्याहून कडक घे.

बारचे खांबही सरकवता येतात, शून्यापासून, म्हणजे बॉक्सच्या मागच्या कडेपासून, ८० सेंटिमीटरपर्यंत गादीच्या दिशेने. वर जाताना बार लागला तर आकडा वाढव, उतरताना लागला तर कमी कर. सोपं आहे, पण घड्याळ चालू असताना उलटं सुचतं. मी वहीच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला लाल पेनाने लिहून ठेवलं होतं: ‘चढताना लागला, लांब. उतरताना लागला, जवळ.’

वारा विसरू नकोस. समोरून वारा आला की मी हलक्या पोलवर यायचे आणि खूण थोडी पुढे घ्यायचे. पाठीमागून असेल तर उलट. स्पर्धेत तीनहून जास्त जणी उरलेल्या असतील तर उडी सुरू करायला एक मिनिट मिळतं. शेवटचे १५ सेकंद उरले की पिवळा झेंडा वर होतो. त्या मिनिटात वारा पडेपर्यंत थांबता येतं, फक्त झेंड्याकडे डोळा हवा.

हे सगळं लिहूनही माझी पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा शून्यावर संपली. सरावात पाठीमागून वारा होता, १५५ वर छान उड्या झाल्या, म्हणून मी ऐटीत ४.०० ला सुरुवात करते म्हणाले. माझी उंची येईपर्यंत दीड तास बसले. स्पर्धा सुरू झाली की रनवेवर सराव बंद. अंग गार झालं, वारा फिरला, मी मात्र त्याच पोलवर. तीनदा बॉक्सच्या जवळ पडले आणि निकालात नावापुढे एकही आकडा नाही. तेव्हापासूनचा माझा नियम: सुरुवातीची उंची ती, जी सरावात दहापैकी नऊ वेळा जाते, आणि ती सुद्धा मुख्य पोलच्या आधीच्या पोलवर. शक्यतो पहिल्याच प्रयत्नात. बरोबरी झाली की आधीचे चुकलेले प्रयत्न मोजले जातात. २०१२ ला लंडन ऑलिंपिकमध्ये जेनिफर सूर आणि यारिस्ली सिल्वा दोघींनी ४.७५ पार केलं होतं, २०१६ ला रिओत कातेरिना स्टेफनिडी आणि सँडी मॉरिस दोघींनी ४.८५. दोन्ही वेळा सोनं या मोजणीवर ठरलं.

हंगामाबद्दल थोडक्यात. कॉलेजचं स्पर्धांचं वर्ष हिवाळ्यात इनडोअरने सुरू होतं आणि जूनच्या सुरुवातीला राष्ट्रीय स्पर्धेवर संपतं. त्याआधी पूर्व आणि पश्चिम विभागांत ४८-४८ जणी, त्यातल्या १२-१२ पुढे. आंतरराष्ट्रीय मोठ्या स्पर्धा येतात जुलै-ऑगस्टमध्ये, पाय थकलेले असताना. आणि पल्ला किती लांबचा आहे तेही माहीत असू दे. बायकांची बांबूउडी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली २००० साली सिडनीत, तेव्हा स्टेसी ड्रॅगिलाने ४.६० वर सोनं घेतलं. २०२४ च्या पॅरिसला नुसत्या प्रवेशाची पात्रता उंची ४.७३ होती. माझी ४.३१ कुठे बसते ते तूच बघ. तरीही त्याखाली लहान-मोठ्या पुष्कळ स्पर्धा असतात आणि मी त्यांत मजेत उड्या मारल्या.

प्रवासाची दोन पानं वेगळी ठेव. सव्वाचार मीटरची पिशवी बघून विमानतळावरचा माणूस आधी हसतो, मग नाही म्हणतो. एकदा माझे पोल काउंटरवरच अडले आणि तीन दिवसांनी पोचले. मी दुसऱ्या मुलीच्या परवानगीने तिच्या पोलवर उड्या मारल्या. परवानगीशिवाय दुसऱ्याचा पोल वापरता येत नाही. तिचे पोल वेगळ्या कंपनीचे होते. पण सरावात कधीतरी त्या कंपनीच्या पोलांवरच्या उड्या मी वहीत टिपल्या होत्या, म्हणून कुठला उचलायचा ते कळलं. प्रत्येक पोलला क्रमांकाची पट्टी लाव आणि यादीची एक प्रत पिशवीत टाक. पोल अधिकाऱ्यांच्या ताब्यात दिल्यावर आणि परत मैदानात दिसल्यावर, दोन्ही वेळा मोज. २००८ ला बीजिंग ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत ब्राझीलच्या फाबियाना म्यूररचा एक पोल सापडेना. ती शोधत फिरली, स्पर्धा खोळंबली, आणि ती दहावी आली. तीच २०११ ला जगज्जेती झाली, पण ती संध्याकाळ तर गेलीच.

आता शेवटच्या वर्षाचं काम. शेडमध्ये जा आणि तू वापरलेल्या प्रत्येक पोलचे लांबी, पौंड, फ्लेक्स उतरवून घे. बाहेर पडल्यावर नवा पोल शेकडो डॉलरचा, आणि तुला एक नाही, निदान पाच-सहा लागतील. सगळे एकदम घेणं जमत नाही. मी पहिली चूक केली ती सगळ्यात कडक पोल आधी घेण्याची, जणू तो घरात आला की मी आपोआप त्यावर जाईन. तो वर्षभर कोपऱ्यात उभा होता. वही उघडून मोज, स्पर्धेत सगळ्यात जास्त उड्या कुठल्या दोन पोलांवर झाल्या. माझ्या निघाल्या १४ फुटी १५० आणि १५५. ते दोन नवे घे. त्यांच्या खालचे जुने चालतील, पण घेण्याआधी प्रत्येकावरून टोकापासून टोकापर्यंत नख फिरव. बुटाच्या स्पाइकचा ओरखडा नखाला अडला तर तो पोल कितीही स्वस्त असो, घेऊ नकोस. तिथूनच तो तुटतो.