जुन्या बुलेटवर डबलसीटचे दणके: सीटचा आधार आणि शॉकअपचं ऑइल

काळ्या मातीवरचा रस्ता पावसात फुगतो, उन्हात आकसतो. त्यात गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या जाऊ लागल्या की तासगाव-इस्लामपूर पट्ट्यात खड्ड्यांपेक्षा लाटाच जास्त लागतात. कास्ट आयर्न इंजिनच्या जुन्या बुलेटवर मागे बसणारा या लाटांवर उडतो, आणि बहुतेक जण त्यावर कडक स्प्रिंग टाकतात. त्याने उडणं वाढतं. स्प्रिंग दणका साठवून परत फेकते. तो जिरवतं शॉकअपमधलं ऑइल. म्हणून आधी सीटचा आधार आणि बुश (सांध्यात बसणारी छोटी नळी), मग ऑइल, आणि स्प्रिंगचा विचार सगळ्यात शेवटी. येझदीलाही हाच क्रम लागू पडतो.

सुरुवातीला मापं घ्या. मेन स्टँडवर मागचं चाक अधांतरी ठेवून ॲक्सलपासून सरळ वर मडगार्डवरच्या खुणेपर्यंतचं अंतर मोजा. मग गाडी जमिनीवर घेऊन एकटं बसून आणि शेवटी डबलसीट मोजा. शॉकअपची एकूण चाल ७५ मिमी असेल तर एकट्याच्या वजनाने २० ते २५ मिमी दबणं, म्हणजे अधांतरी मापापेक्षा तेवढं कमी भरणं, ठीक. डबलसीट ३० मिमीच्या आसपास थांबायला हवं.

सीट काढून तळाचा पत्रा उलटा करून बघा. भोकांच्या कडेने केसासारखी चीर आणि तिच्याभोवती तांबूस भुकटी दिसली तर पत्रा तिथे हलतोय. सीटच्या मागच्या टोकाचं ओझं मडगार्डच्या पत्र्यावर येता कामा नये, ते फ्रेमच्या नळीवर उतरलं पाहिजे. त्यासाठी दोन्ही बाजूंना २५×५ मिमी लोखंडी पट्टी घ्या आणि ती यू-बोल्टने नळीला आवळा. फ्रेमवर वेल्डिंग करू नका. वेल्डिंगच्या टाक्याशेजारची नळी कमजोर होते आणि पुढे तिथेच तुटते. पट्टीला ८.५ मिमीचं भोक, टोकापासून किमान १६ मिमी आत. ८ मिमीचा ८.८ ग्रेडचा बोल्ट, आणि पट्टी व सीट यांच्यामध्ये ८ मिमी जाड रबर. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप सैल न होणारा) रबर जेमतेम दबेल इतकाच फिरवा. करकचून आवळलं तर रबर असून नसल्यासारखं. बोल्टचं डोकं चाकाकडे, आटे वर.

आता शॉकअप उतरवा. स्प्रिंग दाबायला योग्य कॉम्प्रेसर हवाच. दोघांनी हाताने दाबून स्प्रिंग अडवणारी कॉलर काढण्याच्या नादात बोटं जातात. स्प्रिंगशिवाय शॉकअप परत जोडा, सीटच्या पट्टीच्या बोल्टच्या डोक्याखाली कणकेची गोळी चिकटवा आणि चाक बंप रबर (शॉकअप पूर्ण दबल्यावर टेकणारं रबर) टेकेपर्यंत वर उचला. गोळी किती चेपली ते बघा: टायर आणि लोखंड यांच्यात किमान २० मिमी उरलं पाहिजे. याच वेळी मागचा चिमटा, म्हणजे स्विंग आर्म, टोकाला धरून आडवा हलवा. खटका लागला तर पिव्होटचे, म्हणजे चिमटा ज्या सांध्यावर फिरतो तिथले, बुश आधी बदला, नाहीतर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

ऑइलचं काम उघडता येणाऱ्या जुन्या शॉकअपचंच करायचं. सीलबंद असेल तर नवीन जोडी घ्या, आणि गॅस भरलेला असेल तर त्याला हातही लावू नका, आत दाब असतो. रॉड ओढताना दाबण्यापेक्षा स्पष्ट जड लागला पाहिजे. मध्येच रिकामा जात असेल तर ऑइल कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे. रॉडवरून नख फिरवा. अडकलं तर हार्ड क्रोम करून घ्या किंवा रॉड बदला, कारण असा रॉड नवीन सीलही फाडतो.

ऑइल फोर्कचंच, म्हणजे पुढच्या शॉकअपमध्ये भरतात तेच, वापरा. गाडीच्या मॅन्युअलमधल्या ग्रेडपासून सुरुवात करा आणि एका वेळी एकच पायरी जाड करा. २०डब्ल्यू५० इंजिन ऑइल ओतायची पद्धत सर्रास आहे, पण त्याने पहिल्या लाटेनंतर शॉकअप वेळेत परत उघडत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या लाटेला आणखी दबत जातो आणि मागे बसणाऱ्याला थेट मणक्यात दणका बसतो. प्रमाण मॅन्युअलमधलं, सिरिंजने मोजून, दोन्हीकडे सारखं. काठोकाठ भरू नका. १० मिमीचा रॉड ७५ मिमी आत गेला की सुमारे ६ मिलि जागा व्यापतो. तेवढी हवा वर नसेल तर सील फुटतं. शॉकअप उभा धरून दहा-पंधरा वेळा सावकाश पंप करा, मगच बंद करा. चिखल अडवणारं पत्र्याचं झाकण शोभेसाठी काढणाऱ्यांचे सील एका पावसाळ्यात जातात, ते परत बसवाच.

जोडून झाल्यावर पुन्हा तीच तीन मापं घ्या. स्प्रिंगखालची खाचांची कॉलर फिरवली की मागची बाजू उचलली जाते, स्प्रिंग कडक होत नाही. डबलसीट तरीही ३० मिमीच्या बऱ्याच पुढे दबत असेल, तेव्हाच कडक स्प्रिंग.

मागच्याने धरायची मूठ, फूटरेस्ट आणि साडीगार्ड परत लावल्याशिवाय कुणाला मागे बसवू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ मध्ये या गोष्टी सक्तीच्या आहेत. चाचणी एकाच रस्त्यावर, टायरमध्ये तितकीच हवा ठेवून घ्या. लाटेनंतर गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर जमलं, दोनतीनदा डोलली तर ऑइल अजून पातळ आहे. पहिल्या ५०० किमीनंतर यू-बोल्ट तपासा आणि सीलभोवती ओल दिसते का ते बघा.