जुन्या गाडीचा स्टार्टिंग-चार्जिंगचा फॉल्ट शोधायला बसण्याआधी काय काय तयार ठेवायचं

सेल्फ मारला की नुसतं टक करून गाडी गप्प बसते आणि आपण पहिली काय बदलतो तर बॅटरी. कळकळीने सांगतो, आधी मोजा. बॅटरी, सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर), अल्टरनेटर (चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा) आणि वायरिंग, यातलं काहीही बिघडलं तरी सकाळी लक्षण एकच दिसतं, त्यामुळे एक मोकळा अर्धा दिवस काढा आणि तयारीला आदल्या रात्रीच लागा.

आदल्या रात्री बॅटरी चार्जरला लावून पूर्ण भरून घ्यायची, कारण उतरलेल्या बॅटरीवर घेतलेल्या रीडिंगचा काही उपयोग नाही. जागा हवेशीर हवी, चार्जिंगला हायड्रोजन निघतो आणि त्याला एक ठिणगी पुरते. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर आत बघा, प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर घाला, बाकीची लेव्हल चार्ज झाल्यावर करा.

सामानात मुख्य म्हणजे डिजिटल मल्टिमीटर, त्यात नवा सेल टाका कारण सेल उतरला की मीटर चुकीचे आकडे दाखवतो, आणि त्याचा १० अँपिअरचा फ्यूज शाबूत आहे का तेही आधीच बघा. मगरी क्लिपवाल्या दोन लांब लीड, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, टर्मिनलला बसणारे पाने, वायर ब्रश, पॉलिश पेपर, पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा (तो सेलमध्ये जाऊ द्यायचा नाही), ग्लोव्ह्ज, गॉगल, आणि आपल्याच मॉडेलचा वायरिंग डायग्राम. वही-पेन विसरू नका, दुपारपर्यंत सकाळचे आकडे डोक्यात राहत नाहीत. किल्ली फिरवायला एक माणूस लागतोच. हातातली अंगठी, घड्याळ काढून ठेवा आणि टर्मिनल सोडताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. फार जुन्या काही गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेलं, तिथे बॉडीला लागलेलं टर्मिनल आधी सुटतं.

टर्मिनल बाहेरून चकचकीत दिसलं तरी काढून आतून बघायचंच, पोस्टवर (बॅटरीतून वर आलेल्या शिशाच्या खुंटावर) काळपट पातळ थर असतो, नखाने खरवडला तर खाली शिसं चमकतं, आणि तेवढा थर सेल्फचा करंट अडवायला पुरेसा आहे.

सकाळी आधी हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा म्हणजे वरवरचा चार्ज उतरतो, मग थोडं थांबून व्होल्ट घ्या. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. रात्रभर चार्ज करूनही १२.४ च्या वर जात नसेल तर मात्र बॅटरीवर संशय घ्या. पुढच्या टेस्टला इंजिन चालू व्हायला नको, म्हणून पेट्रोल गाडीत कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढून नीट अर्थ करा, जुन्या डिझेलला स्टॉप सोलेनॉइडची (इंजिनाचं डिझेल बंद करणाऱ्या भागाची) वायर काढा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. आता सेल्फ मारून, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, बॅटरीवर मीटर बघा, ९.६ च्या खाली जात असेल तर एकतर बॅटरी कमजोर आहे नाहीतर सेल्फ जास्त करंट खातोय. दोन वेळच्या मध्ये मिनिटभर सेल्फला थंड होऊ द्या.

आता ज्यासाठी एवढं सगळं लिहितोय ती टेस्ट, व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायर आणि जोडांमध्ये वाया जाणारे व्होल्ट. मीटरची एक लीड बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोस्टवर (वायरच्या क्लॅम्पवर नाही, पोस्टवर), दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर, आणि सेल्फ मारताना वाचायचं, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नको. तसंच निगेटिव्ह पोस्ट ते इंजिनचा ब्लॉक, तिथे ०.२-०.३ च्या आत. माझ्या गाडीत एका गॅरेजने नवी बॅटरी टाकून दिली आणि आठ दिवसांत परत तेच, मग मी हे मोजलं तर अर्थच्या बाजूला १.४ व्होल्ट जात होते. इंजिन ते बॉडी जी विणलेली पट्टी असते ती वरून ठीक दिसत होती, हाताने वाकवली तर आतून हिरवी पावडर गळली आणि अर्ध्या तारा तुटलेल्या. पट्टी बदलली, बोल्टखालचा रंग घासून काढला, आणि तोच जुना सेल्फ पहिल्या फटक्यात फिरला.

सेल्फ फिरत नाही पण टक-टक-टक-टक होतंय तर बॅटरी किंवा कनेक्शन, एकच जोरात टक तर सेल्फवरच्या सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट नाहीतर सेल्फच्या आतले कार्बन ब्रश, आणि आवाजच नाही तर इग्निशन स्विच किंवा रिले, तिथे टेस्ट लॅम्प कामाला येतो.

आता चार्जिंगची टेस्ट. इंजिन चालू होऊ नये म्हणून काढलेली वायर परत जोडा, बेल्टचा ताण बघा आणि गाडी चालू करा. जरा रेस दिल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.५ यायला हवेत, हेडलाइट आणि ब्लोअर लावूनही १३.५ च्या खाली नको, १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर (अल्टरनेटरचे व्होल्ट आवरणारा) गेला. काहीच चार्ज करत नसेल तर अल्टरनेटर उतरवायच्या आधी डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा किल्ली ऑन केल्यावर लागतो का बघा, बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या बल्बमधूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो, बल्ब उडाला की चार्जिंग बंद. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून "बघू चार्ज करतो का" हा प्रकार कोणी सांगितला तरी करू नका, अल्टरनेटरचे डायोड उडतात.

सगळं ठीक आणि तरी रात्रीत बॅटरी उतरते, तर किल्ली काढून, दारं बंद करून, निगेटिव्ह पोस्ट आणि सुटलेली वायर यांच्या मध्ये मीटर १० अँपिअरवर लावा, ५० मिलीअँपिअरपर्यंत चालतं. जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा, आकडा पडला की ती लाइन वहीत लिहा. फ्यूज काढून काहीच फरक पडत नसेल तर अल्टरनेटरची जाड वायर सोडा, पण त्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह पूर्ण बाजूला करा, मग मीटर परत लावून आकडा पडतो का बघा, आणि मीटर मध्ये असताना कोणालाही सेल्फ मारू देऊ नका.