खोगीर खुंटीला असतानाचे दिवस

जूनचा पहिला रविवार होता. आदल्या रात्री पाऊस झोडपून गेलेला. मी सकाळी साडेपाचला खडकवासल्याच्या पुढच्या आमच्या तबेल्यावर पोचले, तेव्हा मामा म्हणाले, "ताई, जमीन जड झालीय. आज नुसतं चालवा." मामा म्हणजे आमचे मोतद्दार, उभा जन्म घोड्यांत गेलेला माणूस. पण मी आठवडाभर लोकांची रिटर्न्स भरून आंबले होते. म्हटलं, दोनच फेऱ्या. दुसऱ्या फेरीत माझ्या घोड्याचा, बंड्याचा, डावा पुढचा पाय चिखलात रुतला. त्याने स्वतःला सावरलं, पण चार पावलांनी मान वरखाली व्हायला लागली. घोडा दुखऱ्या पुढच्या पायावर वजन आलं की डोकं वर उचलतो. मी उतरले, गुडघ्यामागून तळवा खाली फिरवला. मध्यावर गरम लागलं, भाकरी नुकतीच तव्यावरून काढावी इतकं.

बंड्या अकरा वर्षांचा कुमैत, म्हणजे तांबूस अंगाचा नि काळ्या आयाळीचा, रेसमधून निवृत्त झालेला. कपाळावर रुपयाएवढी टिकली. शीर फाटली होती. शीर म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरीसारखी पट्टी. डॉक्टरांच्या भाषेत सुपरफिशियल डिजिटल फ्लेक्सर टेंडन. तुमच्यावर हीच वेळ आली असेल तर पायाचं काय करायचं ते तुमचे डॉक्टर सांगतील. तुमचं स्वतःचं काय करायचं हे मात्र कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितेय.

पहिले तीन दिवस भावनांच्या वाटेला जाऊच नका. काम भरपूर असतं. दिवसातून तीन-चार वेळा वीस-वीस मिनिटं पायावर गार पाणी, बँडेज, आणि डॉक्टर सांगतील तेवढीच औषधं. उरलेलं ब्यूट, म्हणजे घोड्यांचं वेदनाशामक, फडताळात असेल तर आपल्या मनाने देऊ नका. दुखणं दबतं, घोड्याला वाटतं पाय बरा आहे, आणि तो फाटलेल्या शिरेवर नाचतो. खुराक कमी करा, पण कोरडं गवत बंद करू नका. पोट रिकामं ठेवून उभा असलेला घोडा अल्सर नाहीतर पोटशूळ ओढवून घेतो. आणि या तीन दिवसांत कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका. मी दुसऱ्या रात्री खोगीर विकायला काढायचं ठरवलं होतं. फोटोसुद्धा काढले होते. मेले अजून मोबाइलमध्ये आहेत.

त्यानंतर येतो तारखेचा छळ. मी कर सल्लागार. माझ्या धंद्यात प्रत्येक गोष्टीला तारीख असते, चुकली की दंड. त्यामुळे मी डॉक्टरांना रोज एकच विचारायचे: कधी? शेवटी त्यांनी मला बसवून समजावलं. घोड्याला गुडघ्याखाली स्नायूच नसतात, नुसत्या शिरा, हाड आणि कातडी. शिरेला रक्तपुरवठा कमी, म्हणून ती भरून यायला महिने लागतात, आणि भरते तीही पहिल्यासारखी लवचिक नाही. नऊ ते बारा महिने धरून चाला, म्हणाले. माझ्या डोळ्यांपुढे अख्खं आर्थिक वर्ष तरळलं.

यावर मला लागू पडलेला उपाय असा: मोठी तारीख मागायची नाही, पुढची मागायची. पुढची सोनोग्राफी कधी, तोवर घोडा किती मिनिटं चालणार, आणि काय दिसलं तर लगेच फोन करायचा, हे तीनच प्रश्न. उत्तरं वहीत लिहा आणि वही तबेल्यातच ठेवा. घरी आणलीत तर रात्री दोन वाजता उघडून बसाल. रोज पाय चाचपून 'आज कमी वाटतंय का' हे पाहणंही बंद करा. मी सकाळी एकदा आणि तेही मामांच्या देखत बघायचे, कारण माझ्या हाताला दर मंगळवारी सूज वाढल्याचा भास व्हायचा.

आता अपराधीपण. हा भाग मोठा आहे, इथे जरा थांबते. मामांनी सांगितलेलं मी ऐकलं नाही, ही खरी गोष्ट आहे आणि ती खोडून काढण्यात अर्थ नाही. मैत्रिणी म्हणाल्या, अगं, नशीब, तुझा काय दोष. हे ऐकून मला आणखीच एकटं वाटायचं, कारण दोष होता. मऊ, जड जमिनीत शिरेवर जास्त ताण येतो हे मला माहीत होतं. मग एका संध्याकाळी मी कागदाचे दोन भाग केले. डावीकडे लिहिलं, त्या सकाळी मला काय माहीत होतं. उजवीकडे, काय माहीत नव्हतं. डाव्या बाजूला एकच ओळ भरली: जमीन जड आहे. उजवी बाजू पानभर झाली. शिरेत आधीपासून बारीक झीज असेल का, रेसमधल्या वर्षांनी काय करून ठेवलंय, तो नेमका खड्डा कुठे आहे. डाव्या बाजूची एक ओळ माझी. ती मी घेतली. मामांकडे गेले आणि म्हटलं, "मामा, माझं चुकलं." ते तोबरा झटकत होते. म्हणाले, "घोड्याला सांगा, मला काय सांगता." थोड्या वेळाने चहा मात्र त्यांनीच आणून दिला.

मी घोड्यालाही सांगितलं. घोडं पेंड कुठे खातं, हे मला तिथे उमगलं. तो पेंडच खात होता. बंड्याला मी पाठीवर नसल्याचं सुतराम दुःख नव्हतं. त्याला दुःख होतं ते कोंडून पडल्याचं, शेजारची घोडी दिसत नसल्याचं, खुराक निम्म्यावर आल्याचं. घोडेस्वारी मला हवी होती. हे एकदा वेगळं काढलंत की निम्मं ओझं उतरतं, कारण मग त्याच्यासाठी रडायचं की स्वतःसाठी, हे तरी कळतं. दोन्हीसाठी रडा, पण वेगवेगळं.

त्याच सुमारास पालख्या पुण्यात आल्या. माउलींचे दोन अश्व तुम्ही पाहिले असतील. एकावर स्वार असतो, दुसऱ्याची पाठ रिकामी. त्यावर माउली बसतात अशी श्रद्धा. रिंगणात तो रिकाम्या पाठीचाच धावतो आणि लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. मी भवानी पेठेत गर्दीत उभी राहून त्या रिकाम्या पाठीकडे बघत बसले. मी काही फार देवभोळी नाही. पण 'पाठ रिकामी म्हणजे घोडा वाया' हे माझ्या डोक्यात कुणी भरवलं होतं, हा प्रश्न तिथून घरी येईपर्यंत पुरला.

तुमची वेळ सोडू नका, हे मी सगळ्यांत ठासून सांगेन. रपेट साडेपाचची होती, तर तबेल्यावर साडेपाचलाच जा. मी पहिले दोन आठवडे उशिरा जायचे, इतरांना स्वारीला निघताना बघायला नको म्हणून. परिणाम एकच झाला: अलार्म पाचलाच व्हायचा आणि मी छताकडे बघत पडून राहायचे. मग पूर्वीच्याच वेळी जाऊन पाऊण तास खरारा करायला लागले. आधी रबरी खरारा गोल गोल, मग ब्रश, मग ओल्या फडक्याने डोळे-नाकपुड्या, शेवटी खूर साफ. पूर्वी मी हे सात मिनिटांत उरकायचे. आता कळलं की बंड्याच्या उजव्या खांद्याच्या मागे एक जागा आहे, तिथे खाजवलं की वरचा ओठ लांब करून हवेत हलवतो. चार वर्षं मी त्या जागेपासून वीतभर अंतरावर पाय टाकून बसत होते.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी हातात धरून चालवायला परवानगी दिली. दिवसाला पाच मिनिटं, तीही सपाट, कडक जमिनीवर. कोंडलेला घोडा बाहेर पडताना स्फोटक असतो, तेव्हा हौस म्हणून एकटीने काढू नका. हातमोजे, डोक्याला हेल्मेट, आणि दोरी हाताला कधीही गुंडाळायची नाही. आमच्याकडे मामा पुढे आणि मी खांद्याजवळ. त्या पाच मिनिटांची मी दिवसभर वाट पाहायचे, ऑफिसात मोबाइलवर घोड्याच्या चालीचे व्हिडिओ पाहत.

लोकांचं बोलणं चुकणार नाही. "पाय गेला? मग आता त्याचं करणार काय?" असं लग्नात, जिलबीच्या ताटावर विचारतात. मी सुरुवातीला समजावत बसायचे. आता म्हणते, "तो सध्या पगारी रजेवर आहे." पैशाचं मात्र स्पष्ट बोला, निदान घरात. तबेल्याचे महिन्याचे पैसे तितकेच जातात, वर सोनोग्राफी आणि औषधं. मी ते नवऱ्यापासून दोन महिने लपवले आणि त्या लपवण्यानेच जास्त झोप उडाली.

दुसऱ्याच्या घोड्यावर बसावं का? बसा. मी पाचव्या आठवड्यात एका मैत्रिणीच्या मारवाडी घोडीवर बसले, वीस मिनिटं सुरेख गेली, आणि नंतर गाडीत बसून ढसाढसा रडले. व्यभिचार केल्यासारखं वाटलं, हे लिहायलाही हसू येतंय. पण कंबर मोकळी झाली, हात मऊ राहिले. एवढंच पाळा: आधी आपल्या घोड्याचं सगळं करा, मग दुसऱ्यावर चढा.

दोन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण जात नाही, कामात लक्ष नाही, असं असेल तर 'घोड्यासाठी कोण डॉक्टरकडे जातं' असं म्हणत बसू नका. समुपदेशकाकडे जा, किंवा सरकारची टेलीमानस सेवा आहे, 14416 वर फोन करा. घोडा परत स्वारीला येणारच नाही असं कळलं असेल, तर हे आणखी आवश्यक आहे. त्या वाटेवरून मी गेले नाही, म्हणून त्याबद्दल शहाणपणा करत नाही.

दिवाळीनंतरची सोनोग्राफी बरी आली. डॉक्टर म्हणाले, पाठीवर बसून चालवा, दहा मिनिटं, सरळ रेषेत, वळणं रुंद. तो दिवस आला की उंच ओट्यावरून चढा, म्हणजे पाठीवर झटका बसत नाही. कुणालातरी दोरी धरायला लावा. मोबाइल घरी ठेवा. दहा मिनिटं झाली की उतरायचं, कितीही बरं वाटत असलं तरी. मी बाराव्या मिनिटाला उतरले. मामा काही बोलले नाहीत, नुसतं मनगट वर करून घड्याळ दाखवलं.