हार्ट फेल्युअरचा पेशंट सांभाळताना रोज काय बघायचं, काय करायचं

पेशंट बरा होऊन घरी जातो आणि थोड्याच दिवसांत धाप लागून परत ॲडमिट होतो, कार्डियाक वॉर्डमधल्या कुठल्याही नर्सला विचारा, हे नेहमीचं आहे. वाईट याचं वाटतं की यातल्या बऱ्याच ॲडमिशन टाळता आल्या असत्या. धाप जरी अचानक लागल्यासारखी वाटली तरी शरीरात पाणी साठायला बहुतेक वेळा काही दिवस आधीच सुरुवात झालेली असते, वजनकाट्यावर ते दिसतही असतं, फक्त कोणी बघितलेलं नसतं. म्हणून हे सगळं एकत्र लिहितेय, वॉर्डात नवीन आलेल्या नर्सेससाठी आणि घरी पेशंट सांभाळणाऱ्यांसाठी पण, कारण दोघांचं काम बरंचसं एकच आहे.

आधी पाणी का साठतं ते. हार्टचा पंप कमजोर झाला किंवा कडक झाला (यालाच हार्ट फेल्युअर म्हणतात) की पुढे रक्त कमी जातं, किडनीला वाटतं शरीरात रक्तच कमी पडलंय, मग ती मीठ आणि पाणी धरून ठेवते, आणि ते जादाचं पाणी फुफ्फुसात, पायात, पोटात जाऊन बसतं. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो वजन. एवढं डोक्यात पक्कं बसलं की रोज वजन करा असं का सांगतात ते वेगळं समजवावं लागत नाही.

वजन करायची पद्धत मात्र रोज तीच ठेवायची. सकाळी उठल्यावर, लघवी करून आल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी, साधारण तेवढ्याच कपड्यात, त्याच काट्यावर, आणि काटा सपाट टणक फरशीवर, गादीवर किंवा जाड मॅटवर नको. आकडा लगेच वहीत लिहायचा, लक्षात ठेवू म्हटलं की राहतं. डिस्चार्ज झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या काट्यावर वजन घ्या आणि त्यालाच आपला मूळ आकडा धरा, हॉस्पिटलच्या आणि घरच्या काट्यात फरक असतोच. ३ दिवसांत २ किलोपेक्षा जास्त वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, धाप नसली तरी. डॉक्टरांनी वेगळी मर्यादा सांगितली असेल तर ती पाळायची.

इथे एक गोष्ट फसवते. जुन्या पेशंटची भूक गेलेली असते, अंगावरचं मांस उतरत असतं, आणि त्याच वेळी पाणी वाढत असतं, त्यामुळे काट्यावरचा आकडा जागचा हलत नाही आणि सगळे निवांत असतात. म्हणून नुसत्या काट्यावर विसंबून राहू नका. पायाच्या नडगीवर अंगठ्याने थोडा वेळ दाबून बघा, खड्डा राहतो का. मोज्याच्या इलॅस्टिकची खूण आधीपेक्षा खोल दिसते का. जो पेशंट दिवसभर पडूनच असतो त्याची सूज पायात कमी आणि कंबरेखाली पाठीला जास्त असते, कुशीवर वळवल्याशिवाय ती दिसणारच नाही. आणि उश्या मोजा. काल दोन उश्यांवर झोपणारा आज तीन मागतोय, किंवा खुर्चीत बसून झोपतोय, रात्री मध्येच गुदमरून उठून बसतोय, आडवं झालं की खोकला येतोय, वाकून चप्पल घालताना दम लागतोय, दोन घासांत पोट भरल्यासारखं होतंय, हे सगळं पाण्याकडेच बोट दाखवतं. खूप वयस्कर माणसांत तर कधीकधी फक्त गोंधळल्यासारखं वागणं आणि सुस्ती एवढंच दिसतं.

विचारायची पण एक पद्धत आहे. "बरं वाटतंय का" विचारलं की "हो, बरंय" हेच उत्तर येणार, कारण माणूस नकळत हालचाल कमी करत जातो, दम लागतो म्हणून जिना चढणंच सोडून देतो आणि मग म्हणतो दम लागत नाही. त्यामुळे विचारायचं ते असं, की मागच्या महिन्यात एका दमात कुठपर्यंत चालत होतात, आता कुठे थांबावं लागतं? आंघोळ करताना मध्ये बसावं लागतं का? मला विचाराल तर या दोन प्रश्नांतून जेवढं कळतं तेवढं पल्स ऑक्सिमीटरवर पण कळत नाही.

आता वॉर्डातलं. धाप लागलेल्या पेशंटला आधी सरळ बसवा, पाठीला आधार, हाताखाली उशी, बीपी फार कमी नसेल तर पाय खाली सोडलेले. पाय सुजलेत म्हणून अशा वेळी पाय वर उचलायचे नाहीत, पायातलं रक्त उलट हार्टकडे येऊन भार वाढतो. ऑक्सिजन सगळ्यांना सरसकट नको, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ९० टक्क्यांच्या खाली असेल तर लागतो. लघवीचं इंजेक्शन (जादाचं पाणी लघवीवाटे काढणारं) दिल्यावर पुढचे ६ तास डोळ्यात तेल घालून लघवी मोजायची, तासाला १०० मिलीपेक्षा कमी होत असेल तर डॉक्टरांना लगेच कळवायचं, सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. इनटेक, म्हणजे शरीरात गेलेलं पाणी, लिहिताना इंजेक्शनबरोबर जाणारं सलाईन, गोळ्यांबरोबर प्यायलेलं पाणी हे सगळं धरायचं, बहुतेक चार्टमध्ये नेमकं हेच सुटतं. पोटॅशियम आणि क्रिएटिनिनचे (किडनी कशी चाललीय ते दाखवणारी तपासणी) रिपोर्ट आले की नुसते फाइलला लावू नका, वाचा, आणि बदलले असतील तर सांगा. सुजलेली त्वचा पातळ आणि नाजूक असते, टाचा आणि माकडहाड रोज बघायचं, कुशी बदलायची. कमोड बेडजवळ ठेवा, कारण लघवीच्या औषधावर घाईघाईत उठून अंधारात पडणारे पेशंट कमी नाहीत.

औषधांचं घरच्यांना नीट समजावून द्यावं लागतं. पंपिंग कमी असलेल्या हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे इकोमध्ये (हार्टची सोनोग्राफी) ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हार्टमधलं किती टक्के रक्त बाहेर जातं तो आकडा, ४० टक्के किंवा कमी, साधारण चार प्रकारची औषधं असतात. रॅमिप्रिल किंवा सॅक्युबिट्रिल-वलसार्टन सारखं एक, मेटोप्रोलॉल-बिसोप्रोलॉल-कार्व्हेडिलॉल यातला एक बीटा ब्लॉकर (हार्टचे ठोके कमी करणारं औषध), स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. शेवटचं ऐकून "डायबेटीस नाही तर शुगरची गोळी का दिली" असं विचारतातच, तर ती हार्टसाठी आहे हे आधीच सांगून टाका, नाहीतर घरी जाऊन बंद करतात. तिच्यामुळे लघवीच्या जागी फंगल इन्फेक्शन होऊ शकतं, हे पण लाज न बाळगता सांगायचं. रॅमिप्रिलने कोरडा खोकला येऊ शकतो. आणि रॅमिप्रिल बंद करून सॅक्युबिट्रिलवर जायचं असेल तर मध्ये ३६ तासांचं अंतर लागतं, घरात जुन्या गोळ्या शिल्लक असतील तर त्या बाजूला काढायला लावा, दोन्ही एकत्र गेल्या तर चेहरा-घसा सुजून जीवावर बेतू शकतं.

बीपी ९५-१०० दिसलं की घरचे घाबरून गोळी चुकवतात. चक्कर नसेल, पेशंट ठीक असेल तर अशा पेशंटमध्ये एवढं बीपी चालतं, स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही, आधी फोन करा. उठताना चक्कर येत असेल तर झोपून आणि उभं राहून असं दोन्ही बीपी घेऊन आकडे कळवा. लघवीची गोळी सकाळी घ्यायची, दुसरा डोस असेल तर दुपारी चारच्या आत, म्हणजे रात्रीची झोप मोडत नाही.

दुखण्याच्या गोळ्या ही मला सगळ्यात जास्त काळजी वाटणारी गोष्ट आहे. गुडघा दुखतो म्हणून प्रिस्क्रिप्शनशिवाय आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतात, ती मीठ-पाणी धरून ठेवते, किडनीवर ताण आणते, आणि चांगला स्थिर असलेला पेशंट बिघडतो. पॅरासिटामॉल चालतं, पण पाण्यात विरघळणारी फसफसणारी गोळी नको, तिच्यात सोडियम भरपूर असतं. "लो सोडियम" म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं, ते स्पायरोनोलॅक्टोन किंवा रॅमिप्रिलबरोबर धोक्याचं, विचारल्याशिवाय वापरू नका. उलट्या-जुलाब लागले, पोटात काही टिकत नसेल तर त्या दिवशी लघवीची गोळी आणि बाकीच्या गोळ्यांचं काय करायचं हे डॉक्टरांना फोन करून विचारा, अशा वेळी नेहमीचे डोस तसेच चालू ठेवले तर शरीर कोरडं पडून किडनी बसू शकते.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून एक छोटा चमचा. पाकिटातल्या पदार्थांत ते लपलेलं असतं, लेबल वाचायची सवय लावा. पाण्यावर बंदी सगळ्यांना लागत नाही, आजार जास्त असेल किंवा रक्तात सोडियम कमी असेल तर डॉक्टर दिवसाला दीड ते दोन लिटर सांगतात. सांगितलं असेल तर सकाळीच तेवढं पाणी एका बाटलीत मोजून ठेवा, चहा-दूध घेतलं की तेवढं बाटलीतून ओतून टाका, हिशोब डोळ्यासमोर राहतो.

आता व्यायामाकडे येते, कारण इथे भीती फार आहे. पूर्वी हार्टच्या पेशंटला आठवडेच्या आठवडे सक्त बेड रेस्ट द्यायचे. १९५२ साली लेव्हाइन आणि लाउन या डॉक्टरांनी हार्ट अटॅकच्या पेशंटला लवकर खुर्चीत बसवायला सुरुवात केल्याचं छापलं तेव्हा ते धाडसच होतं. हार्ट फेल्युअरमध्ये व्यायाम झेपतो का यावर २००९ ची एचएफ-ॲक्शन ही मोठी स्टडी आहे, २३३१ पेशंट, ईएफ ३५ टक्के किंवा कमी, आणि देखरेखीखाली सुरू केलेला व्यायाम त्यांना सुरक्षित ठरला. त्यामुळे "आता आराम करा" असं घरच्यांनी प्रेमाने म्हटलं तरी पडून राहून स्नायूच जातात आणि दम अजून लागतो.

कार्डियाक रिहॅबची, म्हणजे देखरेखीखाली हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामाची, सुरुवात हॉस्पिटलमध्येच होते, बेडच्या कडेला बसणं, खुर्ची, मग कॉरिडॉर. नंतर रिहॅब सेंटरमध्ये साधारण १२ आठवड्यांचा प्रोग्राम, सुरुवातीला ६ मिनिटं चालण्याची टेस्ट घेऊन. पुढे घरी कायमचं. चालताना किती जोर लावायचा हे पल्सवरून ठरवू नका, बीटा ब्लॉकरवर पल्स नेहमीएवढी वाढत नाही. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम बरोबर. बोर्ग स्केल (किती जोर लागतोय त्याला पेशंटनेच ६ ते २० मधला आकडा द्यायचा) वापरत असाल तर ११ ते १३. आधी ५-१० मिनिटं हळू, शेवटी पण हळू, एकदम थांबून बसलं की बीपी पडतं. कमजोर पेशंटला सलग अर्धा तास झेपणार नाही, ५-५ मिनिटं दिवसातून चार वेळा केलं तरी सुरुवात उत्तम आहे. वजन अचानक वाढलंय, ताप आहे, बसल्या जागी दम आहे, त्या दिवशी व्यायाम नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, धडधड अनियमित झाली, तिथेच थांबायचं. आयसीडी (ठोके धोकादायक बिघडले तर शॉक देणारं शरीरात बसवलेलं यंत्र) बसवलेलं असेल तर ते किती पल्सला शॉक देतं तो आकडा व्यायाम घेणाऱ्याला माहीत हवा, त्याच्यापेक्षा १०-२० ने खालीच राहायचं. बायपास झालेल्यांनी छातीचं हाड जुळेपर्यंत, ६-८ आठवडे, जड उचलायचं नाही आणि खोकताना उशी छातीला घट्ट धरायची.

संबंध ठेवायचे की नाही हा प्रश्न मनात असतो पण तोंडातून निघत नाही, तर तुम्हीच विषय काढा. दोन जिने दम न लागता चढता येत असतील तर सहसा चालतं. नायट्रेटच्या (छातीत दुखण्यावरच्या) गोळ्या चालू असतील तर सिल्डेनाफिल (व्हायग्रा) अजिबात नाही, बीपी धोकादायक पडतं. उदासपणा पण असाच लपलेला असतो. ज्याने वजन लिहिणं, गोळ्या घेणं मधूनच सोडलं त्याला हलगर्जी म्हणायच्या आधी त्याला झोप लागते का, कशात मन लागतं का ते विचारा.

डिस्चार्जच्या वेळी भराभर सूचना वाचून सही घेणं म्हणजे शिकवणं झालं नाही. सांगून झालं की पेशंटला त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा, "वजन २ किलो वाढलं तर काय करणार?" उत्तर अडखळलं तर परत सांगा. काही दिवसांत एक फोन, आणि ७ ते १४ दिवसांत डॉक्टरांची भेट ठरवूनच घरी पाठवा. १९९५ मध्ये रिच आणि सहकाऱ्यांनी ७० वर्षं आणि पुढच्या २८२ पेशंटवर हेच करून बघितलं, नर्सने शिकवणं, आहार, औषधं तपासणं, घरी पाठपुरावा, आणि हार्ट फेल्युअरमुळे परत ॲडमिट होणं निम्म्याहून कमी झालं.

रात्री अचानक जोरात धाप लागली, फेसाळ किंवा गुलाबीसर थुंकी येतेय, ओठ निळसर, घाम, तर लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा. तोपर्यंत पेशंटला पाय खाली सोडून बसवा, आडवं करू नका, पाणी पाजू नका, खिडकी उघडा, एक जण जवळ थांबा. वजनाची वही, चालू औषधांची यादी आणि शेवटचा इको एका फाइलमध्ये दाराजवळ ठेवलेला असू द्या, ती फाइल घेऊनच निघा.