मर्चंट नेव्हीच्या कॉलेजात फी भरायच्या आधी तिथला कारभार कसा तपासायचा

आमच्या अंबाजोगाईकडं समुद्र कुणी बघितलेला नसतो, आम्ही मांजरा नदीचं धरण बघून मोठे झालो, तरी बारावीचा निकाल लागला की लातूर-नांदेडच्या ट्यूशन एरियात मर्चंट नेव्हीचे बोर्ड लागतात आणि मला फोन सुरू होतात, कारण मी अकरा वर्षं जहाजावर इंजिनला होतो. फी किती आणि पगार किती, एवढंच विचारतात सगळे. कॉलेज चालवतंय कोण हे कुणी विचारत नाही. माझ्या मावसभावानं पण विचारलं नव्हतं, सोयाबीनची पट्टी आली तशी एजंटच्या हातात दिली, लेकरू सहा महिने तिकडं राहून आलं आणि मग कळलं की त्या कोर्सला मान्यताच नव्हती. पैसे मागायला गेलो तर ऑफिसातला म्हणे ट्रस्टींना विचारा, आणि ट्रस्टी कोण ते त्यालाच सांगता येईना. म्हणून हे सगळं लिहितोय, नीट वाचा.

आधी चांगला कारभार कसा असतो ते बघू. स्वीडनमध्ये माल्मो नावाच्या शहरात वर्ल्ड मेरिटाइम युनिव्हर्सिटी आहे, १९८३ साली आयएमओनं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या जहाजवाहतुकीच्या संघटनेनं काढलेली. त्यावेळी आयएमओचे सेक्रेटरी जनरल आपले भारतीय होते, सी. पी. श्रीवास्तव, लालबहादूर शास्त्रींच्या हाताखाली काम केलेले, आणि तेच या विद्यापीठाचे पहिले चॅन्सेलर, मला याचा फार अभिमान वाटतो. बारावीनंतर कॅडेट, म्हणजे जहाजावरचा शिकाऊ अधिकारी, व्हायला तिथं जात नाहीत, तिथं देशोदेशीचे अधिकारी एमएस्सी, पीएचडी करायला येतात. पण त्यांची रचना समजून घ्यायसारखी आहे. आपल्या नांदेडच्या विद्यापीठाचे कुलपती जसे राज्यपाल, तसं आयएमओचा जो सेक्रेटरी जनरल असेल तोच तिथला चॅन्सेलर, २०२४ पासून पनामाचे आर्सेनिओ डोमिंगेझ. रोजचा कारभार प्रेसिडेंट बघतात, म्हणजे आपल्याकडचे कुलगुरू समजा. २०२३ पासून तिथं मॅक्सिमो मेहिया आहेत, फिलिपिन्सचे, याच विद्यापीठात शिकलेले आणि पुढं फिलिपिन्सचंच सागरी खातं सांभाळलेले. वर बोर्ड ऑफ गव्हर्नर्स आहे, आणि त्या बोर्डाचा अहवाल आयएमओच्या कौन्सिलपुढं जातो. पैसा स्वीडनकडून, इतर सरकारांकडून, देणगीदारांकडून येतो, म्हणजे एकाच घराच्या तिजोरीवर सगळं चालत नाही. प्रत्येक खुर्चीला वर कुणीतरी जाब विचारणारा आहे, तुमच्या कॉलेजात हेच शोधायचं.

आता आपल्याकडचं. पहिली गोष्ट म्हणजे डीजी शिपिंग, म्हणजे केंद्र सरकारचं जहाजवाहतुकीचं खातं, त्याच्या वेबसाइटवर जाऊन मान्यताप्राप्त संस्थांची यादी बघा, आणि फक्त संस्थेचं नाव बघून थांबू नका, मान्यता कोर्सनुसार असते. आमच्या पोराचं तिथंच चुकलं, नाव यादीत होतं, पण त्याचा कोर्स नव्हता. सीट किती मंजूर आहेत ते पण बघा. डीएनएस (जहाज चालवणाऱ्या अधिकाऱ्यांचा डिप्लोमा) किंवा बीटेक मरीन (इंजिनवाल्यांची पदवी) यांचा विषय असेल तर इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीशी संलग्न आहे का विचारा, हे केंद्र सरकारचं विद्यापीठ २००८ च्या कायद्यानं झालं, मुख्यालय चेन्नईला, आणि त्याची सीईटी असते. सीईटीशिवाय थेट ॲडमिशन देतो म्हणणाऱ्याला तिथंच नमस्कार करा.

मग मालक कोण ते काढा. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात नोंदणी असते, नोंदणी नंबर मागून घ्या आणि परिशिष्ट एकची नक्कल काढा, त्यात विश्वस्तांची नावं येतात. नवरा, बायको, मेव्हणा एवढेच विश्वस्त आणि जहाजावरचा माणूस एकही नाही असं दिसलं तर मी तरी पोराला पाठवणार नाही. कंपनी असेल तर डायरेक्टरांची नावं कंपनी खात्याच्या साइटवर सापडतात. खासगी कॉलेज माहिती अधिकारात थेट सापडत नाही बऱ्याचदा, पण डीजी शिपिंग सरकारी आहे ना, मग तिथं दहा रुपयांचा अर्ज टाका, या संस्थेच्या तपासणीचा अहवाल आणि त्रुटींची यादी द्या म्हणून. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, त्यामुळे हे काम निकालाची वाट न बघता आधीच करून ठेवा.

तपासणीबद्दल थोडं सांगतो. जहाजावरच्या माणसांचं शिक्षण जगभर एसटीसीडब्ल्यू नावाच्या १९७८ च्या करारानं चालतं, २०१० ला मनिलात त्यात मोठे बदल झाले. शिक्षणाच्या दर्जाची व्यवस्था असली पाहिजे आणि जास्तीत जास्त पाच वर्षांनी बाहेरच्या माणसांकडून तिची तपासणी झाली पाहिजे असं त्यात आहे, शिकवणारा आणि परीक्षा घेणारा दोघं पात्र पाहिजेत हे पण आहे. म्हणून कॉलेजात गेल्यावर प्रिन्सिपॉलला भेटा, कॅप्टन आहेत का क्लास वन इंजिनिअर (इंजिनची सगळ्यात वरची परीक्षा पास झालेले), कोणत्या जहाजांवर होते, पूर्णवेळ आहेत का, सरळ विचारा, जहाजावरचा माणूस या प्रश्नाला रागावत नाही. प्रिन्सिपॉल भेटतच नसतील, फक्त मार्केटिंगवाला चहा पाजत असेल, तर परत या.

प्लेसमेंटचं तोंडी काही धरू नका. स्पॉन्सरशिप असेल तर शिपिंग कंपनीचं पत्र मागा, भरती करणारा एजंट असेल तर त्याचा आरपीएसएल नंबर, म्हणजे भरतीच्या परवान्याचा नंबर, डीजीच्या साइटवर टाकून बघा. फी संस्थेच्या खात्यातच भरायची, पावती घ्यायची, आणि पैसे परत मिळायचा नियम सहीशिक्क्यानिशी लिहून घ्यायचा, सही कुणाची आहे ते बघून.

आणि एक, यातलं काहीही करायच्या आधी पोराचे डोळे दाखवा, रंग ओळखता येत नसतील तर डेक साइड, म्हणजे जहाज चालवायचं काम, जमत नाही, हे डीजीनं मान्य केलेल्या डॉक्टरकडूनच करून घ्या.