स्लाव लोककथांतून भयकथा: लिहायची कशी, छापायची कुठे

स्लाव, म्हणजे रशियन, पोलिश, सर्बियन वगैरे लोकांच्या लोककथा म्हटलं की मराठी वाचकाला आधी आठवते ती बाबा यागा ही चेटकीण. कोंबडीच्या पायांवर उभी असलेली तिची झोपडी सोव्हिएत काळात मराठीत आलेल्या रशियन पुस्तकांतून आपल्याकडच्या कितीतरी घरांत पोचली. भयकथा लिहायची असेल तर मात्र तिला बाजूला ठेवा, कारण ती परीकथेतली आहे. रशियन खेड्यांत ‘बिलिच्का’ नावाचा कथेचा दुसरा एक प्रकार होता. शेजाऱ्याच्या, मावशीच्या किंवा स्वतःच्या बाबतीत घडलेली छोटीशी घटना, खरी म्हणून सांगितलेली. तिच्यात राजपुत्र नसतो आणि शेवट गोड होईल याची खात्रीही नसते. बहुतेक वेळा कुणीतरी एक नियम मोडलेला असतो, आणि पुढचं सगळं त्यातून घडतं. तुमची कथा याच प्रकारातून उभी राहू द्या.

सुरुवात एक प्रदेश आणि एक भूत निवडून करा. बाल्कनपासून उरलपर्यंत पसरलेल्या लोकांना एका गाठोड्यात बांधता येत नाही. दोन आत्म्यांची, दातांच्या दोन रांगांची ‘स्त्शिगा’ पोलंडची. सर्बियातल्या किसिलेवो गावात 1725 साली पेतार ब्लागोयेविच नावाच्या मृत शेतकऱ्याचं थडगं उकरलं गेलं, त्याची सरकारी नोंद झाली आणि व्हॅम्पायरची चर्चा युरोपभर पसरली. दोघांना एका कथेत कोंबलं तर दोघंही फिकी पडतात.

देवांच्या मागेही लागू नका. कीव्हमध्ये राजा व्लादिमिरनं 980 साली पेरून, मोकोश वगैरे देवांच्या मूर्ती उभारल्याचं जुन्या बखरीत आहे, पण त्यांच्या कथा जवळपास उरलेल्या नाहीत. इंटरनेटवर फिरणाऱ्या देवांच्या लांबलचक वंशावळी बहुतेक नंतर रचलेल्या आहेत. घरातली, शेतातली, पाण्यातली भुतं मात्र एकोणिसाव्या शतकातल्या संग्राहकांनी भरभरून टिपून ठेवली. खरा साठा तिथे आहे.

भूत ठरलं की त्याचा नियम एका वाक्यात लिहा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. उदाहरणार्थ बान्निक, म्हणजे न्हाणीतलं भूत. रशियन खेड्यात घरापासून दूर, बहुधा पाण्याजवळ, ओंडक्यांची वाफेची न्हाणी असे, तिला बान्या म्हणत. जुन्या बान्यांना धुराडं नसे, त्यामुळे भिंती काजळीनं काळ्या झालेल्या असत. आत देवाचं चित्र लावत नसत, गळ्यातला क्रूसही बाहेर काढून ठेवत. बायकांची बाळंतपणंही तिथेच होत. पाळीपाळीनं माणसं न्हाऊन जात आणि तिसरी किंवा चौथी पाळी, गावागणिक फरक, बान्निकची असे. त्याच्यासाठी थोडं पाणी, साबण आणि बर्चच्या डहाळ्यांची जुडी ठेवायची. त्याच्या पाळीत किंवा मध्यरात्रीनंतर आत गेलेल्याला तो उकळत्या पाण्यानं भाजतो, गुदमरवतो, कातडी सोलतो.

आता या नियमामागचा खरा धोका शोधा. बंद खोलीत निखाऱ्यांच्या विषारी वायूनं माणसं खरोखरच गुदमरत. शेतात भर दुपारी फिरणाऱ्या पोलुद्नित्सामागे उन्हाचा तडाखा आहे, नदीतल्या रुसाल्कामागे बुडून मेलेल्या मुली आहेत. हा धोका कथेत दिसत राहिला की भुतांवर विश्वास नसलेला वाचकही घाबरतो. त्याला भूत नको असेल तर वायू आहेच.

नाताळापासूनच्या दिवसांत मुली रात्री बान्याच्या दारातून हात आत घालून भविष्य पाहत. केसाळ हाताचा स्पर्श झाला तर नवरा श्रीमंत, केस नसलेल्या हाताचा झाला तर गरीब. एवढ्यावरून काय करता येईल पाहा:

‘नास्त्यानं हात आत घातला. काहीच लागलं नाही. ती हात काढून घेणार, तेवढ्यात आतून कुणीतरी तिच्या बोटात अंगठी सरकवली. पितळेची, गरम. बान्या तर परवापासून पेटवलीच नव्हती.’

भूत कुठेही दिसलं नाही, आणि दाखवायची गरजही नाही. यापुढे नास्त्या मैत्रिणींना काय सांगते आणि काय लपवते, तीच कथा.

निवेदक गावातलाच ठेवा, लोकसाहित्याचा प्राध्यापक नको. परका शब्द तळटीप न देता कामातून कळू द्या: धूर, काजळी, जुडी दिसली की बान्या समजते. जंगलात वाट चुकवणारा लेशी वाचताना आपल्या वाचकाला चकवा आठवेलच. आठवू द्या, पण लेशीला चकवा म्हणू नका. त्याचा उतारा त्याच्याच गावचा आहे: कपडे उलटे करून घालायचे, जोडे उजव्या-डाव्या पायांत अदलाबदल करायचे.

वाचायला रशियन लोककथा-संग्राहक अफनास्येव यांचा संग्रह घ्या. तो 1855 ते 1863 या काळात भागाभागांनी निघाला. अफनास्येव 1871 साली वारले, तेव्हा मूळ मजकुरावर कुणाचाच हक्क नाही. अलीकडच्या अनुवादांवर मात्र अनुवादकाचा असू शकतो. लोकसमजुती घ्या, वाक्यं उचलू नका. आजच्या कादंबरीकारानं रचलेलं भूत तर त्याचंच.

पहिला खर्डा दोन हजार शब्दांच्या आत बसवा आणि मोठ्यानं वाचा. ऐकवायच्या प्रकारातली कथा कानाला अडखळली तर तिथे कात्री लावा.

प्रकाशनासाठी दिवाळी अंक हा मराठी भयकथेचा जुना आणि चांगला रस्ता. पावसाळ्याच्या सुरुवातीलाच, युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा. एक कथा एका वेळी एकाच संपादकाकडे द्या. सात-आठ कथा जमल्या की ई-पुस्तकाचा विचार करा, किंडलवर मराठी पुस्तक स्वतः काढता येतं. छापील पुस्तकाला लागणारा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो. प्रकाशकाशी करार करताना मुदत आणि प्रदेश लेखी घ्या. हक्क दिल्याची मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत धरतो. ऑडिओचे हक्क वेगळ्या कलमात मागा, कारण बिलिच्का मुळातच ऐकण्यासाठी जन्मली आहे आणि तुमच्या कथेलाही तिथे श्रोता मिळू शकतो.